दरवर्षीचं दोन

आमच्या शाळेच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पट्टकृमी आणि कोंबडीचा गर्भ यांच्या मधोमध, एक बुटकी बाटली आहे. तिच्यावर चिठ्ठी नाही. आत फॉर्मॅलिनमध्ये चार-पाच पांढरट तुकडे आहेत, कोवळ्या शहाळ्यातली मलई चमच्यानं खरवडून काढावी तसे. नवीन मुली विचारायच्या, "टीचर, हा कुठला प्राणी?" मी सांगायची, "प्राणी नाही, माझी कंबर आहे." त्या किंचाळायच्या, आणि मग अर्धा तास मणके, त्यांच्यामधली गादी आणि तिच्यामागून जाणाऱ्या शिरा असा धडा आपोआप व्हायचा. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण बाटली अजून तिथंच आहे असं कळतं. तिला हलवायचा धीर कोणाला झालेला नाही.

हे तुकडे माझ्या कमरेतून निघाले त्याला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि माझी तब्येत ठणठणीत होती. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालत होते. आमच्या तंजावरात कोलम घालताना कोणी बसत नाही. गुडघे ताठ ठेवायचे, कमरेतून सरळ खाली वाकायचं आणि चिमटीतून पीठ सोडत सरकत जायचं. जन्मभर घातला. त्या दिवशी शेवटचा ठिपका ठेवला आणि सरळ व्हायला गेले, तर डाव्या ढुंगणापासून पायाच्या करंगळीपर्यंत एक तापलेली तार कोणीतरी खेचली. मी कोलमावरच बसले. उठले तेव्हा साडीच्या मागच्या बाजूला अर्धा कोलम उमटला होता, असं शेजारणीनं नंतर हौसेनं सगळ्यांना सांगितलं.

मग जे सगळे करतात ते मीही केलं. गोळ्या, तेल, शेक, पायाला वजनं लावून ओढणं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत आपोआप निवतं, घाई करू नका. माझं अडीच महिने झाले तरी निवलं नाही. मी वर्गात भिंतीला टेकून, एका पायावर उभी राहून शिकवायची. शेवटी जानेवारीत, पोंगलनंतरच्या आठवड्यात, तिरुच्चीच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. कमरेच्या बाजूला नखाएवढं भोक पाडून आत नळी घालायची, नळीतून कॅमेरा आणि चिमटा न्यायचा आणि गादीचा जो भाग निसटून शिरेवर बसलाय तेवढाच काढायचा. भूल फक्त तेवढ्या जागेची. पेशंट जागा.

मी जागी असणार हे कळल्यावर मला भीतीपेक्षा आनंद जास्त झाला, हे कबूल करते. वीस वर्षं बेडूक फाडणाऱ्या बाईला स्वतःच्या आत बघायला मिळणार होतं. मी पालथी पडून मान वळवली की स्क्रीन दिसत होता. गुलाबी गुहा, तिच्यात पाणी खेळतंय, मधूनच एक पांढरी दोरी.

"ते पांढरं काय आहे, डॉक्टर?"

"तुमची शीर, अम्मा."

"ती हलतेय."

"हलायलाच हवी. बोलू नका."

"आणि तो पिवळट भाग?"

"ती चरबी आहे. अम्मा, मी शिकवायला आलो नाही, काढायला आलोय."

मग चिमट्यानं एक तुकडा धरला, ओढला, आणि त्याच क्षणी पायातली तार तुटल्यासारखी गेली. अडीच महिन्यांनी पाय पुन्हा नुसता पाय झाला. मला रडू आलं. डॉक्टर घाबरून म्हणाले, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, दुखत नाही म्हणून रडतेय. संध्याकाळी चालत स्वच्छतागृहात गेले. एक टाका होता.

घरी जाण्याआधी मी तुकडे मागून घेतले आणि डॉक्टरांना विचारलं, आता तिथं जी पोकळी झाली तिचं काय होणार? ती भरते का? आणखी गादी निसटून बाहेर येईल का? दहा वर्षांनी माझी कंबर कशी असेल? ते हसले आणि म्हणाले, "पहिल्या वर्षी सगळेच खूश असतात. मला उत्सुकता दहाव्या वर्षाची आहे. भोक लहान होतं एवढ्यानं काम चांगलं ठरत नाही. आम्ही सगळ्यांना दरवर्षी फोन करतो. तुम्ही फक्त खरं सांगायचं."

मला हा माणूस फार आवडला. मी म्हटलं, माझ्यावर सोडा, मी शास्त्राची शिक्षिका आहे.

तेव्हापासून दरवर्षी पोंगलनंतरच्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, त्या इस्पितळातून एका मुलीचा फोन येतो. मुली बदलतात, प्रश्न तोच: "अम्मा, शून्य ते दहा, कमरेचा नि पायाचा त्रास किती?" आणि दरवर्षी मी सांगते, "रेंडु." म्हणजे दोन.

पहिल्या वर्षी ते खरंच दोन होतं. थंडीत सकाळी कंबर धरायची. दुसऱ्या वर्षी काहीच नव्हतं. मी कोलम घालत होते, बसमधून उभ्यानं जात होते. तरी तोंडातून "रेंडु"च गेलं. त्याचं कारण सांगायला आमच्या घराविषयी दोन शब्द सांगायला हवेत.

आम्ही तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्या मराठी घराण्यांपैकी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. माझ्या माहेरी लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हतं, म्हणजे मराठी. यजमानांच्या नोकरीमुळे मी अकरा वर्षं सोलापुरात काढली, तिथं देवनागरी शिकले, म्हणून हे लिहू शकते. आईला अक्षर नव्हतं, पण नियम पुष्कळ होते. त्यातला सगळ्यात कडक नियम असा की, कोणी तब्येत विचारली तर "पूर्ण बरं आहे" असं कधी म्हणायचं नाही. दृष्ट लागते. काहीतरी शिल्लक ठेवायचं. डब्यातले तांदूळ संपले की "वाढले" म्हणायचं, आणि अंग धडधाकट असलं की "थोडं अहे" म्हणायचं. तापातून उठलेल्या मुलानं "बरा झालो" म्हटलं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची. आम्ही दोघी बहिणी त्याच तालमीतल्या. मी वर्गात दृष्टीची टिंगल केली आहे, नव्या घरांवर टांगलेल्या राक्षसाच्या मुखवट्यांवर मुलींना निबंध लिहायला लावले आहेत. पण फोनवर "शून्य" म्हणायची वेळ आली की जीभ आईची व्हायची.

आणि एकच वर्ष असं गेलं की "रेंडु" दुसऱ्या बाजूनं खोटं होतं. सातव्या वर्षी मदुरैहून खड्ड्यांतून चार-पाच तास बसमध्ये बसून आले आणि कंबर धरली ती तीन आठवडे सुटेना. पाय ठीक होता, पण कुशीवर वळताना डोळ्यांत पाणी यायचं. नेमका तेव्हाच फोन आला. मी पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन म्हटलं, "रेंडु." वाईट आहे म्हटलं तर ते ठाण मांडून बसेल, असं वाटलं. तीन आठवड्यांनी ते आलं तसं गेलं. मी कोणाला सांगितलं नाही.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं तर बिघडलं नसतं. पण बहीण होती.

ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. दोन गल्ल्या सोडून राहते, एकटी. माझे यजमान शस्त्रक्रियेआधीच गेले, तेव्हापासून दर रविवारी, आणि मी निवृत्त झाल्यापासून रोज, दुपारी जेवायला माझ्याकडे येते, म्हणजे दोघींचंही एकटीचं जेवण टळतं. ती तंजावरची चित्रं करते, सोन्याचा वर्ख नि खडे बसवलेली. फळी जमिनीवर, ती फळीपुढे मांडी घालून, दिवसाचे सहा-सात तास. कृष्णाच्या एका मुकुटावर ती आठवडा घालवते.

गेल्या आषाढात तिचा उजवा पाय दुखायला लागला. मला अनुभवानं कळलं, काय आहे ते. तिनं ते "वात अहे" म्हणून उडवलं. मग एके दिवशी ती जेवायला आली, अंगण ओलांडून आत येऊन बसली, आणि मी बघते तर उजवी चप्पल अंगणाच्या मध्यावर. म्हटलं, चप्पल का टाकलीस तिथं? ती पायाकडे बघत राहिली. चप्पल निसटलेली तिला कळलंच नव्हतं. चालताना तिचं पाऊल फटफट वाजत होतं, तेही मला तेव्हाच ऐकू आलं.

एमआरआय झाला. आम्ही तिरुच्चीला त्याच डॉक्टरांकडे गेलो. आता त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी तिला टाचेवर चालायला लावलं, ती चालू शकली नाही. ते म्हणाले, "नुसतं दुखणं असतं तर मीच थांबा म्हटलं असतं. पण पाऊल उचलायची ताकद जातेय. यात वाट बघायची नसते. या आठवड्यात या."

ती "बघू" म्हणाली. आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही.

पुढचे चार आठवडे मी काय काय केलं ते आठवलं की हसूही येतं आणि रागही. शाळेतून प्लास्टिकचा पाठीचा कणा मागून आणला आणि जेवायच्या वेळी तिच्यापुढे ठेवला. गादी कशी सुटते, शीर कशी दबते, भोक केवढं असतं, सगळं दाखवलं. ती आमटी ओरपत ऐकायची. मी चिडून म्हणायची, पाऊल कायमचं गेलं मग काय करशील? ती म्हणायची, "चित्र हातानं काढतात, अक्का." भोकाची भीती आहे का? नाही. भुलेची? नाही. मग काय गं बाई? नुसती मान हलवायची. मी तिला हट्टी, गाढव, आईची लेक, सगळं म्हणून घेतलं.

शेवटी एका दुपारी मी ताट सारून बसले. म्हटलं, कारण सांगितल्याशिवाय वाढणार नाही.

तिनं वर बघितलं नाही. "तूच सांगटलीस की."

"मी काय सांगितलं?"

"दर वर्षी मी इथंच बसलेली अस्ते, तू हात खरकटा मणून स्पीकर लावतेस. दर वर्षी ती विचारते, दर वर्षी तू रेंडु मणतेस. बारा वर्षं, अक्का! एक नाही, शून्य नाही, रेंडु. आणि तू कशी बाई अहेस ते मज ठाऊक अहे, दृष्टबिष्ट मानत नाहीस, वर दुखणं लपवतेस. तुझं दोन मणजे दुसऱ्याचं पाच. कापून घेऊन बारा वर्षं पाच दुखायचं अस्लं तर मज नक्को. माझं मी सोसते."

डॉक्टरांना मी शास्त्राची शिक्षिका असल्याचं सांगितलं होतं, आणि इथं घरात समोर बसून माझं एकुलतं एक माणूस बारा वर्षं माझ्या खोट्या आकड्याचा अभ्यास करत होतं.

मी म्हटलं, "अगं, ते आईचं दोन होतं. काही नाही मला. शून्य आहे."

ती हसली. "अत्ता शून्य? मज टेबलावर चढवायचं मणून?"

बरोबरच होतं तिचं. बारा वेळा एक सांगितलं होतं, तेराव्या वेळी दुसरं सांगून कोण विश्वास ठेवणार? शून्य म्हणून शपथ घ्यायला मी तोंड उघडलं, आणि मलाच वाटलं की हेही खरं नाही. शून्य म्हणजे तरी काय? मी कधी नीट तपासलंच नव्हतं. एवढी चौकस बाई मी, मुलींना गांडुळाची वलयं मोजायला लावणारी, आणि बारा वर्षांत स्वतःच्या पायाकडे एकदा शांतपणे पाहिलं नव्हतं.

मग मी मुलींना सांगायची तसं तिला क्रमानं सांगत गेले. पहिल्या वर्षी थंडीत कंबर धरायची. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत काही नाही. सातव्या वर्षी मदुरैच्या बसनंतर तीन आठवडे वाईट, सात म्हण.

तिनं मान वर केली. "तेव्हा तुज ताप होता."

"ताप नव्हता. कंबर होती."

"मी रसम करून आणत होते, आणि तू ताप मणून..."

"हो. ते गेलं, पुन्हा आलं नाही. आता सकाळी उठल्यावर दहा मिनिटं कंबर आखडलेली असते, पण ती साठीची असेल. आणि डाव्या पायाची करंगळी बधिर आहे. बहुतेक."

"बहुतेक मणजे?"

"कधी बघितलं नाही."

तिनं खरकटा हात धुतला, पिशवीतून तिचा सगळ्यात बारीक कुंचला काढला. देवांच्या पापण्या काढायचा. "पाय पसर. डोळे मीट. लागलं की मण."

मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाय पसरला. अंगठ्यावर केस फिरला, मी म्हटलं लागलं. दुसरं बोट, तिसरं, चौथं, लागलं. मग शांतता. मी म्हटलं, फिरव की. ती म्हणाली, "किती वेळ फिरवतेय." करंगळी, आणि तिच्यामागची पावलाची बाहेरची कड, तिथं काहीच नव्हतं. तिनं पेन्सिलीनं त्या जागेभोवती रेघ ओढली, चित्राचा कच्चा आराखडा काढते तशी, न घाई करता. मी डोळे उघडून बघितलं. चिंचोक्याएवढा तुकडा, बारा वर्षं माझ्याजवळ होता आणि मला पत्ता नव्हता. मला इतकी गंमत वाटली की आपण कशासाठी बसलोय तेच विसरले. मी म्हटलं, आण तो कुंचला, आता तुझा पाय.

तिनं डोळे मिटले. मी घोट्यापासून सुरुवात केली. पावलाच्या वरच्या भागावर कुंचला फिरवला, अंगठ्याकडे नेला, परत आणला. ती वाट बघत होती. "सुरू कर की, अक्का."

मी पेन्सिल घेऊन रेघ ओढायला लागले आणि रेघ संपेना. नडगीच्या बाहेरून ती पावलावर उतरली आणि अंगठा वळसा घालून परत वर गेली. तिनं डोळे उघडले. दोन्ही पाय शेजारी शेजारी होते, माझ्यावर चिंचोका, तिच्यावर अख्खा नकाशा.

"अंगठा वर कर," मी म्हटलं. तो हलला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, वर्ख चुकीच्या जागी चिकटल्यावर बघते तशी.

"डॉक्टरला फोन कर," ती म्हणाली.

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. तार टेबलावरच तुटली, माझ्यासारखीच. पाऊल मात्र लगेच उचललं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, शिरेला वेळ लागतो, वर्षभरसुद्धा सुधारणा होत राहते, किती ते आज सांगता येणार नाही. व्यायामानं पाऊल बरंच वर यायला लागलं, अंगठा मात्र मागे राहिला. मी त्यांना एकटीनं गाठून विचारलं, चार आठवडे आधी आणली असती तर? ते सरळ माणूस आहेत. म्हणाले, "तर शक्यता जास्त होती. यापलीकडे मी काही सांगू शकत नाही, अम्मा." तिच्या चपलेला मी मागून पट्टा लावून आणला. चांभारानं विचारलं, लहान मुलाची आहे का? मला फार राग आला, आणि तो त्याच्यावर नव्हता.

यंदा पोंगलनंतर फोन आला. आम्ही दोघी जेवत होतो, स्पीकर चालू होता.

"अम्मा, शून्य ते दहा. रेंडुच ना?" मुलगी म्हणाली. तिनं आधीच लिहून टाकलं होतं, आवाजावरून कळत होतं.

"नाही. शून्य," मी म्हटलं. "डाव्या पायाची करंगळी बधिर आहे, ते वेगळं लिहा. आणि मागचे आकडे चूक आहेत. दुरुस्त करा. सातव्या वर्षी सात होतं, बाकी जवळजवळ सगळी शून्य."

मुलगी म्हणाली, मागची वर्षं आता उघडत नाहीत, ती डॉक्टरांना निरोप देईल. मी म्हटलं, द्याच. बोलता बोलता कंबर चमकली असं मला वाटलं आणि मी पाटावर ताठ बसून राहिले. काही चमकलं नव्हतं.

"तुमच्या बहिणीचंही नाव यादीत आहे," मुलगी म्हणाली. "त्या आहेत का?"

बहिणीनं घास खाली ठेवला. फोनकडे वाकली. प्रश्न ऐकला, थोडा विचार केला.

"रेंडु," ती म्हणाली.

फोन बंद झाला. मी तिच्याकडे बघितलं. "हे आईचं दोन, की खरं?"

"खरं अहे, अक्का," ती म्हणाली, आणि भातात ताक कालवायला लागली.

दारात तिच्या मागच्या पट्ट्याच्या चपला होत्या. आईच्या त्या खोट्या दोनाला मी पाच महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या वेळी मात्र मला एवढंच हवं होतं, की ती खोटं बोलत असावी.